पॉमेरियन म्हणून आणलं, आता साडेसात किलोचं झालंय!

कडीपत्ता
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज अडचण घेऊन धागा काढतेय.

गेल्या श्रावणात लेकीच्या हट्टापायी घरात पिल्लू आलं. आम्ही नाशिकला इंदिरानगरात राहतो, तिसरा मजला, सासूबाई गुडघ्यांनी हैराण. त्यामुळे कुत्रं आणायचंच तर लहान, हे आधीच ठरलं होतं. मोबाइलवर जाहिरात बघून एका माणसाशी बोलणं झालं. 'एकदम प्युअर पॉमेरियन, मोठा झाला तरी तीन किलोच्या वर जाणार नाही, पिशवीत घालून फिरवा' असं तो म्हणाला. अठरा हजार मोजले. तेव्हा ते पिल्लू जेमतेम बत्तीस दिवसांचं होतं, हातावर ठेवलेला कापसाचा पेळूच. म्हणून नाव ठेवलं कापूस. सासूबाई त्याला कापश्या म्हणतात आणि आता तेच रूढ झालंय.

आजघडीला कापश्या आठ महिन्यांचा आहे. काल डॉक्टरांकडच्या काट्यावर साडेसात किलो भरला. तोंड लांबुडकं, कान टोकदार आणि ताठ, शेपूट पाठीवर वळलेलं. शेजारच्या विंगमध्ये एक पॉम आहे, अडीच किलोचा, खेळण्यातल्या अस्वलासारखा गोल. त्याचे मालक परवा लिफ्टमध्ये म्हणाले, "ताई, हा पॉम नाहीच. गंडवलं तुम्हाला." तेव्हापासून आमचे हे रोज रात्री जेवताना अठरा हजारांचा हिशोब काढतात. त्या विक्रेत्याचा नंबर लागत नाही.

तर प्रश्न असा की हा नक्की आहे कोण? लसीकरणाच्या कार्डावर आधीच्या डॉक्टरांनी 'पॉम' लिहिलंय, ते तसंच राहू द्यावं का? आणखी दोन तक्रारी आहेत. केस इतके गळतात की सोफा पांढरा दिसतो. आणि जिन्यात कुणाचं पाऊल वाजलं की हा भुंकायला लागतो. ऊन वाढतंय म्हणून सगळे केस काढून टाकावेत असं हे म्हणताहेत. काय करू?

मिसळ_बिगर_पाव
अठरा हजारांत साडेसात किलो म्हणजे किलोमागे चोवीसशे पडले. तीन किलोचा निघाला असता तर किलोला सहा हजार बसले असते. वहिनी, तुम्ही फायद्यात आहात. भावजींना हा हिशोब दाखवा.

सुपारी_कात
फोटो टाका ना. पांढराशुभ्र आहे की कानांवर बदामी झाक आहे?

कडीपत्ता
कानांवर बदामी झाक आहे!! कसं ओळखलंत?

टाके_टोचे
मी जनावरांचा डॉक्टर, नाशिकरोडला असतो. प्रत्यक्ष न बघता पैज लावू नये, पण या वर्णनाचं आठवड्याला एक तरी कुत्रं माझ्या टेबलावर येतं आणि दहातल्या नऊ वेळा कार्डावर 'पॉम' लिहिलेलं असतं. हा इंडियन स्पिट्झ.

पॉमेरियनचं वजन अमेरिकन मानकात ३ ते ७ पौंड दिलंय, म्हणजे साधारण १.४ ते ३.२ किलो. खांद्यापाशी उंची १८ ते २४ सेंटिमीटर. तोंड आखूड, कान चिमुकले, ते केसांत जवळपास बुडालेले. इंडियन स्पिट्झच्या लहान प्रकाराचं वजन ५ ते ७ किलोच्या आसपास भरतं, मोठा प्रकार १२ किलोंच्या पुढे जातो. नाक लांब, कान मोठे, पाय उंच. तुमचा साडेसात किलोचा आहे याचा अर्थ एवढाच की घरात कुणीतरी त्याला तूप-पोळी चारतंय. कोण ते मी विचारत नाही.

ही भानगड कशी झाली, तर ऐंशी-नव्वदच्या दशकात परदेशी कुत्री देशात आणणं सोपं नव्हतं. इथे आधीपासून असलेल्या पांढऱ्या केसाळ स्पिट्झची पैदास मग जोरात झाली आणि ती 'पॉमेरियन' याच नावाने विकली गेली. आपल्या पिढीने लहानपणी जे 'पॉमेरियन' पाहिले ते जवळपास सगळे स्पिट्झच होते. १९९४ साली पडद्यावर क्रिकेटची अंपायरगिरी करणारा तो टफीसुद्धा स्पिट्झच. त्याच्यानंतर गल्लीगल्लीत टफी झाले.

केस काढू नका. पुढची कारणं रात्री लिहितो, आत्ता बाहेर एक म्हैस वाट बघतेय.

शंकासुर
डॉक्टरसाहेब, थोडा विरोध नोंदवतो. आंतरराष्ट्रीय श्वानसंस्थेच्या (एफसीआयच्या) यादीत पॉमेरियन ही वेगळी जातच नाही. ९७ क्रमांकाचं मानक आहे 'जर्मन स्पिट्झ' या नावाने, त्यात आकाराप्रमाणे पाच प्रकार आहेत आणि सर्वांत लहान तो पॉमेरियन. म्हणजे पॉम हाही स्पिट्झच. मग इथल्या स्पिट्झला लोकांनी पॉम म्हटलं तर बिघडलं कुठे? दोघं एकाच आजोबांची नातवंडं.

टाके_टोचे
नातवंडं खरी, पण थोरल्याला धाकट्याच्या नावाने विकलं की ती फसवणूकच. त्यात बत्तीस दिवसांचं पिल्लू आईपासून तोडलेलं. २०१७ च्या श्वान प्रजनन आणि विक्री नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, आणि पैदास करणाऱ्याने राज्य पशु कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. कडीपत्ताताई, त्याने नोंदणी क्रमांक दाखवला होता का?

कडीपत्ता
त्याने आम्हाला पाथर्डी फाट्यावर बोलावून रस्त्यावरच पिल्लू हातात दिलं. आईसुद्धा दाखवली नाही. आता लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय.

देवळालीकर
ताई, लाजू नका. माझे वडील देवळाली कॅम्पात लष्कराच्या वर्कशॉपमध्ये नोकरीला होते. १९७४ साली बदली होऊन निघालेल्या एका कुटुंबाने त्यांचं कुत्रं आमच्या पदरात टाकलं. तेही 'पॉमेरियन'च म्हणून. कॅम्पात तेव्हा असं एखादं पांढरं कुत्रं बऱ्याच बंगल्यांच्या फाटकाशी दिसायचं. साहेबांच्या काळापासूनची ती वस्ती, आणि स्पिट्झ इंग्रजांबरोबर हिंदुस्थानात आले असंच आम्ही ऐकत आलो.

आमच्याकडे आल्यावर त्याचं मोती झालं. चौदा वर्षं जगला. तो झोपायचा बरोबर उंबऱ्याला आडवा. पहाटे पाचला दूधवाल्याची सायकल कोपऱ्यावर वळली की एक कान फक्त हलायचा, डोळा उघडायचा नाही. पण दूधवाला गावी गेला आणि त्याचा भाऊ रतीब घालायला आला, तर तीच सायकल, तोच कॅन, तरी मोती फाटकापाशी उभा राहून असा भुंकायचा की आईला पातेलं घेऊन बाहेर यावं लागायचं. सायकल एकच असताना माणूस बदललेला त्याला कळायचा कसा, हे मला अजून उमगलेलं नाही.

म्हणून सांगतो, भुंकणं बंद करायच्या नादाला लागू नका. ते त्याचं काम आहे. भुंकून झाल्यावर गप्प बसायला शिकवा. आई दाराशी येऊन 'बघितलं मी' म्हणायची आणि मोती आत जायचा. दर वेळी तेच शब्द, तोच आवाज. आपण वरून ओरडलो तर त्याला वाटतं हेही भुंकताहेत, चला, जोर लावू.

सुपारी_कात
'बघितलं मी' हे फार आवडलं, काका. नवऱ्यावरही लागू पडेल असं वाटतंय.

गोदा_ते_नेकार
शंकासुर आणि डॉक्टर यांच्या मध्ये पडते. मी मूळची पंचवटीची, सध्या स्टुटगार्टजवळ मुक्काम. इथे शेजारी एक म्हाताऱ्या बाई आहेत, त्यांच्याकडे काळा थोरला स्पिट्झ आहे, म्हणून या घराण्याची थोडी माहिती झाली.

'स्पिट्झ' म्हणजे जर्मनमध्ये टोकदार. नाक, कान सगळं टोकदार म्हणून. जर्मन मानकातच लिहिलंय की ही मंडळी अश्मयुगातल्या दलदलीच्या वस्त्यांतल्या कुत्र्यांची वंशज आणि मध्य युरोपातली सर्वांत जुनी जात. नंतर शेतकऱ्यांचं आणि गाडीवानांचं कुत्रं. मालाने भरलेल्या गाडीवर चढून बसायचं, मालक खानावळीत गेला की गाडीला कुणी हात लावला तर गहजब करायचा. शिकारीची ओढ नाही, परक्यावर विश्वास नाही. म्हणजे ससा दिसला तरी जागा सोडणार नाही आणि पाहुणा आला तरी गप्प बसणार नाही. राखणीला यापेक्षा काय हवं? कापश्याचं जिन्यातलं भुंकणं थेट तिथून आलंय.

आता नाशिककरांसाठी खास: आमच्या या वुर्टेंबर्ग भागात काळे स्पिट्झ द्राक्षमळ्यांवर राखणीला असायचे. 'वाइनबेर्गश्पिट्झ' असं त्यांचं नावच होतं, म्हणजे द्राक्षमळ्याचा स्पिट्झ. स्टुटगार्ट शहरात अजूनही डोंगरउतारांवर द्राक्षवेली आहेत. संध्याकाळी त्या बघितल्या की मला मखमलाबादच्या बागा आठवतात. शेजारच्या बाई म्हणतात की त्यांच्या आजोबांच्या वेळी मळ्यात दोन असायचे. आता मोठे स्पिट्झ फार दुर्मिळ झालेत.

पांढरे मात्र उत्तरेकडचे, पोमेरेनियातले. बाल्टिक समुद्राचा दक्षिण किनारा, आज थोडा जर्मनीत आणि बराचसा पोलंडमध्ये. पोलिश भाषेत 'पोमोझं', म्हणजे समुद्राकाठचा प्रदेश. तेव्हा पॉमेरियनचं शब्दशः भाषांतर करायचं तर 'किनारपट्टीवाला'.

मिसळ_बिगर_पाव
म्हणजे तळकोकणातला. तरीच एवढं बोलतो.

तासगणेश
नेकारताई, वाचून मजा वाटली. आमची पिंपळगाव बसवंतला चार एकर थॉमसन द्राक्षाची बाग आहे. बागंत गावठी कुत्रं आहे, खंड्या. आता स्पिट्झ आणून ठेवावा म्हणतो, खानदानी राखणदार!

शंकासुर
ताईंनी माझीच बाजू पक्की केली. आणखी एक भर घालतो. पॉम तरी जन्मजात लहान होता का? इंग्लंडची राणी शार्लट १७६७ च्या सुमारास ज्या जोडीला घेऊन आली ते फीबी आणि मर्क्युरी, आणि चित्रकार गेन्सबरोने त्या काळात रंगवलेल्या चित्रांतले पॉम चांगले दणकट आहेत. जातीला चिमुकलं केलं ते राणी व्हिक्टोरियाच्या नादाने. १८८८ साली ती फ्लॉरेन्सला गेली, तिथून मार्को नावाचा लहान पॉम घेऊन आली, आणि मग सगळ्या इंग्लंडला लहान पॉमचंच वेड लागलं. १८९१ मध्ये त्यांचा क्लब निघाला. तिच्या हयातीत जात निम्म्याने लहान झाली असं म्हणतात. १९०१ साली ती गेली तेव्हा पलंगावर तिचा टुरी नावाचा पॉम होता.

आता गंमत बघा. त्या 'लहान' मार्कोचं वजन होतं १२ पौंड. साडेपाच किलोला थोडं कमी. म्हणजे ज्याला बघून जग पॉमच्या मागे लागलं तो आजच्या मानकात नापास आणि इंडियन स्पिट्झच्या मापात चपखल. कडीपत्ताताई, लिफ्टमधल्या गृहस्थांना सांगा की आमचा राणीच्या मापाचा आहे.

टाके_टोचे
शंकासुर, हे मान्य. मार्कोवर मी हरलो.

पण लहान करत नेण्याची किंमत त्या अडीच किलोच्या जिवाला मोजावी लागते आणि ती मी रोज बघतो. गुडघ्याची वाटी सरकते. चालता चालता मागचा एक पाय चार पावलं वर धरायचा, मग झटकून परत टेकवायचा. लोकांना वाटतं नखरे करतोय. दुसरं, श्वासनळीच्या कड्या ढिल्या पडतात आणि उत्साहात आला की बदक ओरडल्यासारखा खोकला येतो. अशा कुत्र्याच्या गळ्यात पट्टा घालून ओढू नये, छातीभोवतीचा हार्नेस वापरावा. तिसरं दात. इवल्याशा जबड्यात बेचाळीस दात दाटीवाटीने बसवलेले, त्यावर दूध-पोळी, की पाच वर्षांत तोंडाला वास. स्पिट्झलाही हे होतं, पण त्याची हाडं जरा ऐसपैस असल्याने कमी होतं असा माझा अनुभव.

केसांचं सांगायचं राहिलं. याच्या अंगावर दोन थर आहेत. वर लांब राठ केस, खाली लोकरीसारखा मऊ थर. वरचा थर ऊन अडवतो, धूळ झटकतो. मशीन लावून तुळतुळीत केलं तर कातडीला ऊन लागतं आणि कधी कधी केस परत येतच नाहीत, किंवा ठिगळं लावल्यासारखे येतात. नाशिकच्या मे महिन्यात हवंय काय, तर फरशी, पंखा, पाणी आणि फिरणं सकाळी सातच्या आत. आणि लांब दातांच्या कंगव्याने आतला थर दिवसाआड विंचरा. सोफ्यावर जाणारे केस कंगव्यात येतील. थंडीचं म्हणाल तर निफाडचा पारा उतरतो तेव्हा आपण शेकोटी पेटवतो, हा मात्र गॅलरीत जाऊन झोपेल. झोपू द्या.

कडीपत्ता
सगळ्यांचे मनापासून आभार. मार्कोचा परिच्छेद यांना मोठ्याने वाचून दाखवला. हे एवढंच म्हणाले, "राणीने अठरा हजार दिले होते का?" पण केस कापायचं रद्द झालं.

'बघितलं मी' सुरू केलंय. चौथा दिवस आहे, सध्या मी बघते आणि तो भुंकतो.

कडीपत्ता
कुणी डॉक्टर जागे आहेत का?? यांच्या ऑफिसातल्या एकांनी द्राक्षांची पेटी पाठवली होती. सासूबाई सुटे मणी वेगळे करत बसल्या होत्या आणि एकेक मणी हवेत उडवत होत्या, हा झेलत होता. मी स्वयंपाकघरात. पंधरा-वीस तरी खाल्ले असतील म्हणतात. साडेआठची गोष्ट, आत्ता सव्वानऊ. द्राक्षं कुत्र्याला चालत नाहीत असं मघाशी लेकीने कुठेतरी वाचलं. आत्ता तो मजेत आहे, शेपूट हलवतोय. उद्या सकाळी दाखवलं तर चालेल ना?

टाके_टोचे
नाही. आत्ता निघा. तुमच्या डॉक्टरांना फोन लावून वाटेत लागा, नाही उचलला तर रात्री चालू असलेला कुठलाही प्राण्यांचा दवाखाना गाठा. मी विचारपूस करून नंबर निरोपात पाठवलाय. खाल्ल्यावर दोनेक तासांच्या आत डॉक्टरांनी औषधाने उलटी करवली तर बरंचसं बाहेर येतं. घरी मीठपाणी पाजू नका, त्याने वेगळंच दुखणं होतं. जा आधी, बाकीचं नंतर बोलू.

कडीपत्ता
निघालो.

तासगणेश
डॉक्टर, घाबरवताय का त्यांना? आमचा खंड्या सहा वर्षांपासून बागंत आहे. खुड्याच्या वेळी खाली पडलेले मणी रोज खातो. त्याला कधी काय झालं नाही.

टाके_टोचे
दादा, खंड्याला काही झालं नाही हे खरंच असणार, आणि तीच या विषातली फसवी गोष्ट आहे. एखादं कुत्रं ओंजळभर खाऊन ठणठणीत राहतं, दुसऱ्याची मूठभर मण्यांत मूत्रपिंडं बसतात. अमुक मण्यांपर्यंत चालेल असा आकडा नाही. बी असो नसो, सालीसकट असो की सोलून, बागेतलं असो की धुतलेलं, फरक पडत नाही. बेदाणे तर आणखी वाईट, कारण पाणी उडून बाकी सगळं तिथेच उरतं.

बरीच वर्षं कारणच सापडत नव्हतं. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या विषबाधेच्या डॉक्टरांनी बोट ठेवलं टार्टारिक आम्लावर. द्राक्षात ते भरपूर असतं आणि वाण, पिकण्याची अवस्था यांप्रमाणे कमी-जास्त होतं. म्हणून एकाला बाधतं, एकाला नाही, असा अंदाज. दुसरीकडे ते आम्ल भरपूर असतं चिंचेत. चिंचेनेही कुत्र्यांची मूत्रपिंडं बिघडल्याची उदाहरणं आहेत. तेव्हा चिंच-गुळाची आमटी पोळीवर ओतून देणाऱ्यांनी हात आखडता घ्यावा.

खाल्ल्यावर काही तासांत उलट्या, मग मरगळ, आणि एक ते तीन दिवसांत लघवी कमी होत बंद. शेपूट हलतेय म्हणून सकाळपर्यंत थांबलेली कुत्री माझ्याकडे आलेली आहेत. त्यांच्याबद्दल लिहायची इच्छा नाही.

तासगणेश
हे माहीत नव्हतं. आमच्याकडं द्राक्षावर फवारणी चुकली तर बाग जाते, हे पोरालाही ठाऊक असतं. पण द्राक्षच कुत्र्याला चालत नाही, हे तीस वर्षांत कोणी सांगितलं नाही. उद्यापासून खंड्याला शेडच्या अलीकडं बांधतो.

सुपारी_कात
कांद्याचं पण तसंच ना? आमच्या माहेरी लासलगावला कांद्याच्या चाळीतच कुत्री झोपायची.

टाके_टोचे
झोपली तरी चालतील, खाऊ नयेत. कांदा, लसूण, कच्चं, शिजवलेलं किंवा मसाल्यातली पूड, काहीही. त्यातल्या गंधकाच्या संयुगांनी रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. लगेच काही दिसत नाही, तीन-चार दिवसांनी हिरड्या फिक्या पडतात, लघवी लालसर होते. उरलेली कांद्याची भाजी 'टाकायची कशाला' म्हणून कुत्र्याच्या ताटलीत जाते, तिथून सुरुवात.

देवळालीकर
म्हणजे नाशिक जिल्ह्याने जगाला खाऊ घातलेल्या दोन्ही वस्तू कुत्र्याला वर्ज्य. आमच्या मोतीला आई रोज रात्री आमटीभात घालायची. चौदा वर्षं जगला ते नशीबच म्हणायचं.

कडीपत्ताताई, काय झालं? कळवा. झोप नाही.

कडीपत्ता
काका, रात्री एक वाजता परत आलो, लिहायचं त्राण नव्हतं. डॉक्टरांनी इंजेक्शन दिल्यावर पाच मिनिटांत उलटी झाली. चौदा मणी निघाले, मी स्वतः मोजले. काही अख्खेच्या अख्खे होते, झेलले आणि तसेच गिळले. मग पुढच्या पायाला सुई टोचून सलाइन लावलं. पायाचे केस तेवढे भादरावे लागले. यांनी विचारलं, "बाकीचे पण काढता का?" माझ्या नजरेने गप्प बसले.

दोन दिवस सलाइनवर ठेवणार आहेत, दिवसा तिकडे, रात्री घरी. रोज रक्त तपासणार. डॉक्टर असंही म्हणाले की वेळेत आलात.

सासूबाई रात्रभर देवापाशी बसून होत्या. "मीच मारलं असतं त्याला" हे एकच चाललंय. आम्ही कुणी एक शब्दही बोललो नाही त्यांना. माहीत कुणाला होतं?

गोदा_ते_नेकार
हे वाचून माझा मीच कान धरला. दोन दिवसांपूर्वी मोठ्या कौतुकाने द्राक्षमळ्याच्या स्पिट्झबद्दल लिहिलं आणि हे लिहायचं सुचलं नाही. आज शेजारच्या बाईंना विचारलं, मळ्यातली कुत्री द्राक्षं खायची का? त्या म्हणाल्या, आजोबा त्यांना मळ्याच्या वरच्या टोकाला झोपडीपाशी साखळीला बांधायचे. का ते त्यांनी कधी विचारलं नाही.

आजींना माझा नमस्कार सांगा. पंचवटीतल्या माझ्या आजीनेही हेच केलं असतं.

शंकासुर
कार्डावर काय लिहायचं यावर मी उगाच वाद घातला असं आता वाटतंय. पोरगं ठीक असू दे.

कडीपत्ता
तीन दिवसांनी लिहितेय. चोवीस, अठ्ठेचाळीस आणि बहात्तर तासांनी रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडं नीट चालताहेत का ते त्यावरून कळतं) तपासलं, तिन्ही वेळा व्यवस्थित. काल संध्याकाळी जॉगिंग ट्रॅकवर नेला, अर्धी फेरी मारून बसला आणि उचलून घ्या म्हणून माझ्याकडे बघत राहिला. सात किलोचं ओझं पिशवीत घालून आणायला पिशवीच नव्हती.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी कार्ड बघितलं, 'पॉम' वर आडवी रेघ मारली आणि बाजूला 'इंडियन स्पिट्झ' लिहून सही केली. मी काही सांगायच्या आधीच. कुत्रा पाळायच्या परवान्यासाठीही आता तेच लिहीन.

आणखी एक. लिफ्टमध्ये ते शेजारचे गृहस्थ भेटले. त्यांचा पॉम माझ्यासमोर चार पावलं मागचा पाय वर धरून चालला आणि मग झटकून टेकवला. डॉक्टरांनी लिहिलं होतं अगदी तस्संच. मी त्यांना गुडघ्याच्या वाटीचं सांगितलं. आधी त्यांना राग आला. काल दाखवून आले, आज सकाळी स्वतःहून दार वाजवून सांगायला आले. कापश्या अर्थात भुंकला. सासूबाई आतून म्हणाल्या, "बघितलं मी", आणि तो खरोखरच गप्प झाला. माझं नाही ऐकत, त्यांचं ऐकतो.

त्या आता त्याला गाजराचे तुकडे उडवून देतात. ते चालतं ना, डॉक्टर?

टाके_टोचे
गाजर चालतं. तुकडे बारीक करा, हा झेलून न चावता गिळतो हे आपण बघितलंय. तूप-पोळी कमी झाली का?

कडीपत्ता
झाली. काल वजन सात किलो शंभर ग्रॅम.

मिसळ_बिगर_पाव
भाव चढला, वहिनी. किलोमागे पंचवीसशे पस्तीस.